आबांच्या बिलातला परदेशी नंबर

“मॅडम, हा फोन मी केलेलाच नाही.”

नोकरीतल्या प्रत्येक दिवशी मी हे वाक्य ऐकलं आहे. कधी रागाने, कधी रडकुंडीला येऊन, तर कधी बायको शेजारी उभी आहे म्हणून जरा जास्तच मोठ्याने. एका मोबाइल कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्रात, आधी जळगावला आणि नंतर धुळ्याला, मी तक्रारींची खिडकी सांभाळली. बिल जास्त आलं, बॅलन्स आपोआप कापला गेला, प्लॅन घेतला एक आणि लागला दुसरा, असं सगळं माझ्याकडे यायचं. गेल्या दिवाळीनंतर खिडकी सोडली, तरी फोन वाजला की अजून माझा हात आधी कागद-पेन शोधतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं की कंपनीतल्या लोकांना सगळे दर पाठ असतात. तसं काही नसतं. नवे प्लॅन समजावून द्यायला मुंबईहून एक साहेब यायचे. त्यांना शंका विचारली की ते पटकन पुढच्या स्लाइडवर जायचे. ‘अमर्यादित’ या शब्दाला मर्यादा असते आणि ती शेवटच्या पानावर मुंगीच्या अक्षरात छापलेली असते, हे मी स्वतः तिसऱ्या वर्षी शिकले. गिऱ्हाइकाला ते एका वाक्यात सांगता येणं ही माझी कला होती आणि तिचा मला अभिमान आहे. पण गिऱ्हाइकाला आधी का सांगितलं नाही, याचं उत्तर मला कधीच देता आलं नाही.

सावद्याचे एक केळीचे व्यापारी महिन्याला कापल्या जाणाऱ्या पैशावरून भांडायला आले होते. दुसऱ्या कुणाला तरी फोन लावताना ऐकू आलेलं भजन त्यांना आवडलं आणि त्यांनी चांदणीचं बटण दाबलं, म्हणजे ते भजन स्वतःची कॉलर ट्यून म्हणून विकतच घेतलं. मी ते बंद करून दिलं. आठ दिवसांनी परत हजर! म्हणाले, “चालू करा बाई. लोक म्हणतात, शेठ, तुमच्या फोनवर आता नुसतं ट्रिंग ट्रिंग वाजतं, घरात काही वाईट झालं का?”

अशा गोष्टी खूप आहेत. पण या अंकासाठी लिहायला बसले तेव्हा मनात एकच माणूस येऊन बसला आणि हलेना. म्हणून त्याचंच सांगते.

धुळ्याच्या खिडकीवर एका सकाळी सत्तरीच्या आसपासच्या एक बाई आल्या. इस्त्रीचं सुती लुगडं, हातात बिल आणि चष्म्याचं घर. नाव सुमनबाई, पण देवपुरात त्यांना सगळे अक्काच म्हणतात. बिल नवऱ्याच्या नावावर होतं आणि नेहमीपेक्षा कितीतरी पट मोठं आलं होतं.

“आमना घरमा कोनी परदेशमा फोन करत नही, ताई,” त्या म्हणाल्या. “तुमना मशीननी चूक शे.”

मी सविस्तर यादी काढली. आमच्या धंद्यात ही यादी म्हणजे सगळं काही. कोण कुणाला किती वाजता किती वेळ बोललं, सगळं त्यात असतं. कुणाचं प्रेम जमलंय, कुणाचं मोडलंय, कुणाचं माणूस दवाखान्यात आहे, हे यादीवरून कळतं. आम्ही ते पाहायचं आणि विसरायचं. ही यादी मात्र मला विसरता आली नाही.

रोज दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी अक्कांच्या घरी एका परदेशी नंबरावरून मिस्ड कॉल येत होता. आणि रोज त्यानंतर मिनिटभरात त्या घरातून त्याच नंबरला उलट फोन जात होता. सुरुवातीला दोन मिनिटं. मग पाच. मग अकरा.

“दुपारी घरात कोण असतं?” मी विचारलं.

“आमी दोन्हीच. दुपारले मी आडी पडस. ह्या जागा ऱ्हातस.” ‘ह्या’ म्हणजे त्यांचे यजमान. यादीवरच्या वेळा त्यांनी बोटाने एकेक करून पाहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “मना दिनेश परदेशमा शे.”

दिनेश त्यांचा एकुलता एक मुलगा. संगणकावरच्या कामाची नोकरी लावून देतो म्हणून एका एजंटने त्याला बाहेर नेलं. पोचल्यावर पंधरा-वीस दिवस त्याचे फोन आले. मग बंद. एजंटचाही फोन बंद. पोलिसांत तक्रार, आमदारांना अर्ज, सगळं करून झालं होतं. दीड वर्षात एक शब्द नव्हता. त्याच्याशी बोलता यावं म्हणून सुरू करून घेतलेली परदेशी फोनची सोय तेवढी चालू राहिली होती.

मी अक्कांना तो नंबर काय आहे ते सांगितलं. ही फसवणुकीची एक जुनी तऱ्हा आहे. यंत्राने हजारो लोकांना एक-एक घंटी द्यायची आणि फोन कापायचा. कुणीतरी उलट फोन करतंच. त्या नंबराचा दर भलताच चढा असतो आणि त्यातला वाटा फसवणाऱ्याला मिळतो. म्हणून पलीकडे अशी काहीतरी ध्वनिफीत लावून ठेवतात, की माणूस जास्तीत जास्त वेळ कानाला फोन लावून थांबेल. कधी नुसतीच घंटी वाजत असल्याचा आवाज, कधी बाळाचं रडणं, कधी ‘हॅलो, हॅलो’. आपल्याला वाटतं, अजून कुणी उचललेलंच नाही. मीटर मात्र केव्हाच चालू झालेलं असतं.

“म्हणजे तठे कोनी नही?” अक्कांनी विचारलं.

“कोणी नाही. टेप आहे ती.”

दुसऱ्या दिवशी अक्कांचे यजमान, आबा, स्वतः आले. ताठ, सडपातळ, खिशाला टेस्टर लावलेला. पाचव्या गल्लीत त्यांचं रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान बंद झालं तरी टेस्टर खिशातच राहिला होता. मी त्यांना कालचंच सगळं पुन्हा समजावून सांगितलं. माझं झाल्यावर ते म्हणाले, “टेप शे, हाई माले पहिल्याच दिवशी समजी गयं. उमर गयी मनी टेप जोडामा. कोठे जोड मारेल शे, तेबी सांगस.”

“मग तुम्ही रोज फोन का करता?”

ते माझ्याकडे जराशी कीव आल्यासारखे बघत राहिले. “पन टेपमा कोना तरी आवाज भरना पडस ना, बाई? आपोआप थोडाच येस!”

माझ्या सगळ्या नोकरीत हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

“तो दिनेशना आवाज शे,” आबा म्हणाले. “पैसा गया ते जाऊ दे. नंबर बंद करू नको.”

नियमाप्रमाणे गिऱ्हाइकाच्या घरी जायचं आमचं काम नव्हे. तरी तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीला अर्ध्या दिवसाची रजा जोडून मी पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात गेले. वैशाखातली दुपार होती. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. आतल्या खोलीत अक्का पदर तोंडावर घेऊन पडल्या होत्या. बाहेरच्या खोलीत भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर पाठी उघडलेले रेडिओ. एकही चालू नव्हता. आबांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर बसले. मोबाइल टेबलाच्या मधोमध ठेवलेला.

तीन वीसला घंटी वाजली. एकदाच. आबांनी मनातल्या मनात काहीतरी मोजलं आणि उलट नंबर लावून आवाज मोठा केला.

आधी घंटी वाजत राहिली. ती खोटी घंटी होती. स्क्रीनवरचे सेकंद पळायला लागले होते, म्हणजे फोन पलीकडे उचलला गेलेला होता. मग खरखर. मग एखाद्या मोठ्या बंद खोलीचा आवाज यावा तसा, पंखे, खुर्च्यांचं सरकणं, आणि लांबवर पुष्कळ माणसं हळू आवाजात बोलतायत असं काहीतरी. आणि मग अगदी जवळून, फोनला तोंड लावून घेतल्यासारखा एक श्वास.

“आबा.”

स्पष्ट. तरुण मुलाचा आवाज. त्यानंतर दोन-तीन शब्द, ते कळले नाहीत. मग पुन्हा घंटी सुरू. पुन्हा खरखर, पुन्हा खोली, पुन्हा श्वास.

“आबा.”

“आयकू उनं ना?” त्यांनी कुजबुजत विचारलं.

मी मान हलवली. चौथ्या वेळेला मात्र मी हात पुढे करून फोन बंद केला. आतून अक्कांच्या बांगड्या वाजल्या. त्या जाग्याच होत्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्यावर माझं डोकं ठिकाणावर आलं. आमच्या फसवणूक विभागात एक हुशार मुलगी होती, तिला मी फोन केला. ती म्हणाली, “मॅडम, अशी हाक पुष्कळ भाषांत असेल. एक-दोन भाषांमध्ये बापाला जवळजवळ हेच म्हणतात. ज्याला जे ऐकायचंय ते ऐकू येतं.” रोज एकाच वेळेला फोन का येतो, तेही तिने सांगितलं. जो उलट फोन करतो त्याचा नंबर ते वेगळ्या यादीत टाकतात, आणि ज्या वेळेला तो करतो ती वेळ लक्षात ठेवतात. “यंत्र आहे ते. त्याला तुमचे आबा माहीत नाहीत. त्याला फक्त एवढंच माहीत आहे, की हा माणूस फोन ठेवत नाही.”

मला हे पटलं. पण त्याने बरं काही वाटलं नाही.

आता माझ्यापुढे पेच होता. मी तक्रार वर पाठवली, तर तो नंबर आमच्या जाळ्यातून बंद होणार आणि आबांचे पैसेही परत मिळणार. नाही पाठवली, तर आबांची शिल्लक त्या घंटीत जाणार, आणि खानदेशात आणखी कोण कोण उलट फोन करत असेल देव जाणे. आबांनी माझ्याकडे आठ दिवस मागितले. त्या आठ दिवसांत त्यांनी जुन्या टेपरेकॉर्डरवर तो आवाज कॅसेटमध्ये भरून घेतला, सगळा, जोडासकट. एक कॅसेट मला दिली. मी ती पोलिसांच्या सायबर शाखेत दिनेशच्या प्रकरणाला जोडायला म्हणून दिली. तिथल्या साहेबांनी ऐकली आणि शेरा लिहिला, ‘आवाज अस्पष्ट’.

नवव्या दिवशी मी तक्रार वर पाठवली. आबांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. रोज ठरवायचे की उद्या फोन करू.

नंबर बंद झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी चार वाजता आबा खिडकीवर आले. उन्हातून चालत आले असावेत, कारण धाप लागली होती.

“बाई, काल फोन उना नही, आज बी उना नही,” ते म्हणाले. “त्याले काही व्हयनं का?”

रांगेत दहा माणसं उभी होती. मी खाली मान घालून सांगितलं की नंबर मीच बंद करवला. आबांनी आवाज चढवला नाही की माझा जीव खाल्ला नाही. काउंटरची धरलेली कड सोडून मागच्या माणसाला जागा करून देत निघून गेले. महिनाभरात त्यांना पैसे परत मिळाले. पुढे कधीतरी अक्कांचा फोन आला, तेव्हा कळलं की ते अजून रोज तीन वाजता मोबाइल टेबलावर ठेवून बसतात.

त्यानंतर साताठ महिने गेले आणि एका सकाळी अक्कांनी फोनवर नुसतं रडायला सुरुवात केली. मी घाबरले. मग शब्द कळले. दिनेश सुटला होता. परदेशात एका कुंपणाच्या आवारात कोंडून ठेवलेल्या मुलांची सुटका झाली होती आणि त्यांत तो होता. चार दिवसांत घरी येणार होता.

मी पेढे घेऊन गेले. दिनेश खाटेवर बसला होता. हाडं दिसत होती, आणि दार वाजलं की अंग चोरून घेत होता. बोलायचा तो घोगरा, खालच्या पट्टीत, जपून. तिथे त्यांना दिवसभर संगणकावर लोकांना खोटे संदेश लिहायला बसवत. आपसांत बोलायला बंदी, बोललं तर मार. “दोन वर्षं जवळजवळ बोललोच नाही, मावशी,” तो मला म्हणाला. “विमानात पाणी मागितलं, तर माझाच आवाज मला ओळखू आला नाही.”

आबा मुलाकडे टक लावून बघत होते. मग उठले, टेपरेकॉर्डर आणला, आणि आम्ही कुणी काही म्हणायच्या आत कॅसेट लावली.

घंटी. खरखर. ती खोली. श्वास.

“आबा.”

दिनेशने सगळं ऐकून घेतलं. “हा मी नाही,” तो म्हणाला.

“नीट आयक.”

“आबा, मी नही. माले कधी बोलालेच लावं नही. फक्त टाइप करानं.” त्याने स्वतःच कॅसेट मागे घेतली आणि पुन्हा लावली. या वेळेला डोळे मिटून ऐकली. त्याच्या हातावरचे केस उभे राहिलेले मला दिसले. “खोली तशीच आहे,” तो मला म्हणाला. “पंख्यांचा आवाज तसाच आहे. पण मुलगा आमच्यातला नाही. मी नाही ओळखत.”

अक्कांनी उठून कॅसेट बंद केली आणि सगळ्यांना चहा ठेवला.

मला वाटलं, संपलं एकदाचं. आठवड्याने अक्का खिडकीवर आल्या. पावतीचं काहीतरी निमित्त होतं. मान खाली घालून म्हणाल्या, “ताई, दिनेश बाहेर खाटवर बठेल ऱ्हास, आनि ह्या आतमा कॅसेट आयकत ऱ्हातस. पोऱ्या हाका मारस ते ह्यासले आयकू येत नही.” मग आणखी हळू म्हणाल्या, “काल दिनेशनी माले इचारं, माय, आबाले तोच आवडस का?”

आपण आयुष्यभर लोकांच्या बोलण्याचा हिशोब ठेवला, आणि एका घरात बाप मुलाचा आवाज विसरला, त्यात आपलाही हात लागला असं मला तेव्हा वाटलं. अजून वाटतं. मी देवपुरातल्या त्या दुपारीच ऐकलेलं खरं खरं बोलले असते, की मला एक हाक ऐकू आली पण ती कुणाची ते सांगता येत नाही, तर काही वेगळं झालं असतं का? मी नुसती मान हलवली होती.

माझे खिडकीवरचे शेवटचे दिवस चालले होते, तेव्हा आबा शेवटचे आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत.

“तो नंबर परत चालू कर,” म्हणाले.

“आबा, दिनेश घरी आला ना आता?”

“दिनेश उना. देवनी दया. मी काय येडा नही व्हयेल, बाई. तो दिनेश नव्हता, हाई माले आते समजनं.” त्यांनी खिशातला टेस्टर काढला, बघितला, परत ठेवला. “पन मंग तो कोन शे? तो तठेच शे ना अजून. हाक मारी ऱ्हायना. त्याना फोन आते कोन उचली?”

मी त्यांना परत एकदा सांगायला लागले, की ती टेप आहे, यंत्र आहे, ती हाक कधीतरी एकदाच मारलेली आहे. सांगता सांगता थांबले. एकदाच मारलेली असली, तरी ती कुणीतरी मारली होती. आणि तेव्हा पलीकडे कुणी नव्हतं.

नंबर चालू करणं माझ्या हातात नव्हतं, आणि असतं तरी मी केला नसता. पण दुसऱ्या दिवशी मी आबांना घेऊन सायबर शाखेत गेले. दिनेश आम्हाला सोडायला म्हणून आला होता. बाहेर थांबतो म्हणाला आणि मग आमच्या मागोमाग आत आला. तिथे आता नवे साहेब होते, तरुण, ऐकून घेणारे. त्यांनी कॅसेट दोनदा ऐकली. दिनेशने त्यांना त्या खोलीबद्दल सांगितलं, पंखे कुठे होते, दारं किती होती, तशा आणखी किती खोल्या होत्या. इतकं सलग बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकलं. आबाही मान तिरपी करून ऐकत होते. नव्या रेडिओचा आवाज पारखावा तसे.

साहेबांनी अर्ज पुढे ओढला. “हरवलेल्या व्यक्तीचं नाव?”

“माहीत नाही,” मी म्हणाले.

“गाव?”

“माहीत नाही.”

त्यांनी पेन थांबवलं. “अहो, मग अर्ज करणाऱ्याचं त्याच्याशी नातं काय? हा रकाना तरी भरावा लागेल. नाहीतर मला घेताच येणार नाही.”

आबांनी तोंड उघडलं आणि मिटलं. ते ज्या शब्दावर येऊन अडले होते तो शब्द आता त्यांना वापरता येत नव्हता. शेजारी मुलगा बसला होता.

“लिखा साहेब,” दिनेश त्याच्या त्या घोगऱ्या आवाजात म्हणाला. “भाऊ. मना भाऊ शे तो.”

आबांनी झटकन त्याच्याकडे पाहिलं. अर्जावर साहेबांचं पेन चाललं. त्या अर्जावर अजून कुठून काही उत्तर आलेलं नाही.